काच लावली तरी डोकं का हलतं? लाँग राइडच्या विंडशील्डमागचं गणित

शनिवारी पहाटे साडेपाचच्या सुमारास मारुंजीतून लक्ष्मी चौक, भूमकर चौक करत हायवेला लागणाऱ्या गाड्या बघा. सोमवार ते शुक्रवार याच गाड्या लॅपटॉपची बॅग घेऊन हिंजवडीच्या फेज वन, फेज टू, फेज थ्रीमध्ये ताशी पंधरा-वीसच्या वेगाने सरकत असतात. शनिवारी त्यांच्यावर सॅडलबॅग चढते, टँकवर मोबाइल होल्डर येतो आणि पुढे एक नवीकोरी उंच पारदर्शक काच दिसते. कुणी कोल्हापूरला निघालेलं असतं, कुणी महाबळेश्वरला, तर कुणी माण-घोटावडे-पौडवरून ताम्हिणीला.

आणि रविवारी रात्री राइडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकतरी मेसेज असतोच. काच टाकली, तरी ऐंशीच्या वर डोकं गदागदा हलतं. छातीवरचा वारा गेला, पण हेल्मेटमध्ये ढोल वाजतोय. आता काय करू, अजून उंच टाकू का?

उत्तर बहुतेक वेळा ‘नको’ असं असतं. ते का, हे समजून घेण्यासाठी एरोडायनॅमिक्सचं पुस्तक उघडायची गरज नाही. पण काच हवेचं नेमकं काय करते, एवढं कळलं पाहिजे. नाहीतर माणूस दोन-तीन काचा विकत घेतो आणि शेवटी पहिली होती तीच बरी होती म्हणत परत लावतो.

हा विषय आत्ताच का?

कारण दोन आहेत. पहिलं करांचं. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आणि ३५० सीसीच्या वरच्या गाड्या थेट ४० टक्क्यांच्या गटात गेल्या. वाहनांच्या सुट्या भागांवरचा करही १८ टक्क्यांवर आला. म्हणजे पहिली ‘मोठी’ गाडी घेणाऱ्याचा कल साडेतीनशेच्या आतल्या गाड्यांकडे झुकायला कारण मिळालं. आता या गटातल्या लोकप्रिय गाड्या बघा. क्लासिक, बुलेट, हंटर, होंडाची सीबी ३५०. यातल्या बहुतेक गाड्या समोरून उघड्या असतात. गोल हेडलाइट, वर मीटर आणि मग थेट तुमची छाती. मीटिऑर ३५० चं सुपरनोव्हा व्हेरिएंट २०२० साली काच लावूनच आलं, तसे काही अपवाद आहेत. बाकीच्यांना काच बाहेरून घ्यावी लागते.

३५० सीसीच्या वरच्या गटात चित्र वेगळं आहे. बजाजने २०२१ साली डॉमिनार ४०० ला उंच काच, हँडगार्ड, कॅरिअर हे सगळं कारखान्यातूनच द्यायला सुरुवात केली. केटीएम ३९० अ‍ॅडव्हेंचरला नट काढून वर-खाली करता येईल अशी काच आली. या दोन्ही गाड्या चाकणला बनतात, म्हणजे मारुंजीपासून हाकेच्या अंतरावर. पण कर ४० टक्के.

दुसरं कारण रस्त्यांचं आहे, आणि मला ते जास्त महत्त्वाचं वाटतं. महाराष्ट्रात गेल्या पंचवीस वर्षांत जे जे गुळगुळीत रस्ते झाले, त्यातले बरेचसे दुचाकींना बंद आहेत. मुंबई-पुणे एक्सप्रेसवे २००२ मध्ये पूर्ण झाला, तिथे दुचाकीला मनाई. समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये नागपूरपासून पार आमण्यापर्यंत, ७०१ किलोमीटर खुला झाला, तिथेही मनाई. जानेवारी २०२४ मध्ये उघडलेला अटल सेतू, तोही बंद. ही बंदी योग्य की अयोग्य हा वेगळा वाद आहे. पण तिचा एक परिणाम सरळ आहे. दुचाकीवरून लांब जायचं तर जुना मुंबई-पुणे हायवे, पुणे-सातारा-कोल्हापूरचा राष्ट्रीय महामार्ग ४८, कोकणातला ६६ हे रस्ते उरतात. तिथे तुमच्या पुढे-मागे कंटेनर, ट्रक आणि लक्झरी बस असतात. आणि वाऱ्याच्या थपडा फक्त तुमच्या गाडीमुळे बसत नाहीत, या अजस्र डब्यांच्या मागे घुसळलेल्या हवेमुळेही बसतात.

वारा जोरात लागणं आणि वारा मारणं

या दोन गोष्टींत गल्लत होते, आणि चुकीची काच घेण्याची सुरुवात तिथून होते.

पहिली गोष्ट म्हणजे सरळ दाब. हवेचा दाब वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. वेग दुप्पट झाला की दाब चौपट. ताशी ५० वरून ८० ला गेलात तर वेग दीडपटीहून थोडा जास्त वाढला, पण दाब अडीचपट झाला. ढोबळ हिशेबाने, ताशी ८० ला सरळ बसलेल्या माणसाच्या छातीवर साधारण सात किलो वजनाएवढा दाब असतो. १०० ला तो अकरा किलोच्या आसपास जातो. हँडल घट्ट धरून स्वतःला मागे पडू न देणं हे काम मग दंड, खांदे आणि मनगटं दिवसभर करत राहतात. कोल्हापूरला पोहोचल्यावर मिसळीचा चमचा उचलताना हात का भरून आलेत असं वाटतं, त्याचं हे एक कारण.

पण हा दाब एकसारखा असतो. शरीर एकसारख्या दाबाला सवय करून घेतं. थोडं पुढे झुकता, वारा तुम्हाला तोलून धरतो. काच नसलेल्या गाड्यांवर वर्षानुवर्षं फिरणारे लोक ‘आपल्याला काही त्रास नाही’ म्हणतात, ते खोटं नसतं.

दुसरी गोष्ट म्हणजे बफेटिंग, वाऱ्याच्या थपडा. नदीच्या पाण्यात उभा दगड असेल तर त्याच्या पुढचं पाणी शांत असतं आणि मागे भोवरे होतात. पुलावर उभं राहून खांबामागचं पावसाळ्यातलं पाणी बघितलं असेल तर लगेच डोळ्यांपुढे येईल. काच म्हणजे हवेतला तो दगड. समोरची हवा काचेला लागते, वर चढते आणि काचेच्या वरच्या कडेवरून सुटते. कडेच्या वर वेगवान हवा, कडेच्या मागे जवळजवळ थांबलेली हवा. या दोन्हींच्या सीमेवर हवा गुंडाळली जाते, भोवरे तयार होतात आणि एकामागून एक मागे येतात. मागे काय आहे? तुमचं हेल्मेट.

ताशी ८० चा वेग आणि फूटभराची काच धरली तर हे भोवरे सेकंदाला दहा-बारा वेळा सुटू शकतात. म्हणजे सेकंदाला दहा-बारा बारीक टपल्या. प्रत्येक टपली छोटी. पण मान प्रत्येक टपलीला उत्तर देते, आणि दीड किलोच्या आसपासचं हेल्मेट डोक्यावर घेऊन देते. नजर किंचित थरथरते, लांबची पाटी वाचायला वेळ लागतो, तासाभरात मानेमागे कळ येते.

म्हणून काच वाऱ्याला ‘थांबवते’ हा समज सोडून द्यायला हवा. ती वारा हलवते. छातीवरचा दाब काढून घेते आणि त्याच्या बदल्यात भोवऱ्यांचा एक पट्टा तयार करते. तो पट्टा शरीराच्या कुठल्या भागावर येणार, एवढंच आपल्या हातात असतं. पट्टा खांद्याखाली आला तर बरं. डोक्याच्या वरून गेला तरी बरं. हनुवटी ते कपाळ या वीतभर जागेत आला की मग ढोल.

मधल्या उंचीची काच सगळ्यात जास्त शिव्या खाते, ती यामुळेच. दिसायला तीच सगळ्यात समजूतदार निवड वाटते.

आवाजाचं काय?

आवाजाला आपण फार हसण्यावारी नेतो. हेल्मेटच्या आत वाऱ्याचा आवाज किती असतो हे ब्रिटनमधल्या संशोधकांनी मोजलं होतं. ताशी ६० च्या आसपास तो सुमारे ९० डेसिबल भरला आणि १६० ला ११० डेसिबलपर्यंत गेला. आता दुसरा आकडा. अमेरिकेची कामगार-आरोग्यावरची संस्था नायोश सांगते की ८५ डेसिबलच्या आवाजात दिवसाला आठ तासांपेक्षा जास्त राहू नये, आणि दर तीन डेसिबलला ही मुदत निम्मी होते. म्हणजे ९४ डेसिबलला एक तास, १०० डेसिबलला फक्त पंधरा मिनिटं. पुणे-कोल्हापूर प्रवासाला हायवेवर चार-पाच तास जातात. गणित तुम्हीच करा.

काच नीट बसली तर हा आवाज कमी होतो. भोवऱ्यांचा पट्टा हेल्मेटवर येत असेल तर उलट वाढतो. हेल्मेटच्या खालच्या कडेतून, मानेजवळून शिरणारी हवा सगळ्यात जास्त गोंगाट करते, त्यामुळे सैल हेल्मेट आणि चुकीची काच ही जोडी सगळ्यात वाईट. (लांबच्या राइडला फोमचे साधे इअरप्लग लावणारे लोक बरेच आहेत. ते वाऱ्याची घोंघों कापतात, हॉर्न ऐकू येतो. कानात इअरफोन घालून गाणी लावणं हा मात्र पूर्णपणे वेगळा प्रकार आहे आणि तो इथे सुचवत नाहीये.)

थकवा आणि आवाज हे आरामाचे मुद्दे वाटतात, पण तेवढेच नाहीत. रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या २०२२ च्या अहवालानुसार देशात त्या वर्षी रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली, त्यातली ४४.५ टक्के दुचाकीवरची होती. त्यातले किती जण वाऱ्याने थकले होते, हे कुणी मोजत नाही आणि इथे तसा दावाही नाही. पण परतीच्या प्रवासात, दोनशे किलोमीटरनंतर, खंबाटकीचा बोगदा ओलांडून संध्याकाळच्या गर्दीत शिरताना तुमचं डोकं ताजं आहे की सुन्न, याने फरक पडतो हे सांगायला आकडेवारी लागत नाही.

पैसे खर्च करण्याआधी एक फुकटची चाचणी

सरळ, मोकळा, काम चालू नसलेला रस्त्याचा एक पट्टा निवडा. (सातारा-कागलच्या रुंदीकरणामुळे हे वाक्य लिहायला सोपं आणि पाळायला अवघड आहे, मान्य.) ताशी ७०-८० चा एकच वेग धरा. आधी नेहमीसारखे बसा आणि हेल्मेटवर काय होतंय ते नुसतं लक्षात घ्या. मग दोन-तीन इंच खाली झुका. मग फूटपेगवर किंचित जोर देऊन दोन-तीन इंच वर या. पूर्ण उभं राहायची गरज नाही, आणि मागेपुढे वाहन असेल तर हे करूच नका.

खाली झुकल्यावर शांत झालं, तर तुमच्या काचेची कड थोडी कमी पडतेय. दोन इंच उंच काच किंवा वरून लावायचा एक्स्टेंडर काम करेल. वर आल्यावर शांत झालं, तर काच भोवरे बरोबर तुमच्या डोक्यावर सोडतेय. तुम्हाला उंच काचेची गरज नाही, छोटीची आहे. इथेच बहुतेकांची वाट चुकते, कारण दुकानात ‘वारा लागतो’ म्हटलं की हात वरच्या कप्प्याकडेच जातो.

खाली-वर करून काहीच फरक पडला नाही तर? मग काच निर्दोष असू शकते. हवा खालून येत असेल, टँक आणि पुढच्या फोर्कमधल्या फटीतून वर. किंवा बाजूंनी, खांद्यांवरून. किंवा हेल्मेटच दोषी असेल. डोक्यावर पुढे चोच असलेली अ‍ॅडव्हेंचर हेल्मेट्स फोटोत झकास दिसतात, पण हायवेवर ती चोच पतंगासारखी वारा पकडते. मित्राचं चोच नसलेलं, तुमच्या मापाचं हेल्मेट अर्धा तास मागून घ्या. काचेचे पैसे वाचले तर त्याला चहा पाजा.

आणि शेवटची पायरी, जी जवळजवळ कुणी करत नाही. गाडीला आत्ता काच असेल तर ती काढून त्याच पट्ट्यावरून त्याच दिवशी परत जा. त्याच दिवशी यासाठी की वारा रोज वेगळा असतो. आणि दोन्ही दिशांनी जा. समोरून ताशी २० चा वारा असेल तर ८० ला तुमच्या छातीला १०० चा वारा लागतो, परत येताना ६० चा. एकाच दिशेने चाचणी केली तर तुम्ही काचेला नाही, हवामानाला मार्क द्याल.

मग उंची किती?

एक मोजमाप बहुतेकांना लागू पडतं. रोज बसता तसं गाडीवर बसा, समोर रस्त्याकडे बघा. काचेची वरची कड तुमच्या नजरेच्या रेषेच्या खाली हवी, नाक-तोंडाच्या आसपास. काचेवरून सुटणारी हवा कडेच्या आणखी वर उडी घेते, त्यामुळे नाकापर्यंतची काचही कपाळावरून वारा नेऊ शकते. त्याहून उंच गेलात की तुम्ही रस्ता काचेवरून न बघता काचेतून बघू लागता. दिवसा चालून जाईल. रात्री, पावसात, समोरून डिपर मारत येणाऱ्या ट्रकच्या उजेडात, बारीक ओरखडे पडलेल्या काचेतून बघणं म्हणजे मेणकागदातून बघणं. हेल्मेटची काच तरी हाताने पुसता येते.

‘नाकाची उंची’ हे माप माणसाचं आहे, गाडीचं नाही. पाच फूट चारच्या आणि सहा फुटी माणसाला एकाच गाडीवर एकच काच लागू पडणार नाही. यूट्यूबवरच्या रिव्ह्यूमध्ये ‘बफेटिंग शून्य’ म्हणणाऱ्याची उंची किती, तो कसा बसतो, सीट बदललीय का, हे कळल्याशिवाय त्या वाक्याला अर्थ नाही.

मागे बसणाऱ्याचाही विचार करा. ती व्यक्ती तुमच्यापेक्षा थोडी उंच बसते आणि तुमच्या डोक्यावरून गेलेला भोवऱ्यांचा पट्टा तिला पूर्ण झेलावा लागतो. काच घेताना तिला कुणी विचारत नाही.

दुसरी टोकाची निवड म्हणजे छोटी काच. आपल्याकडे तिला वायझर म्हणतात. मीटरच्या वर वीतभर येते, वारा छातीच्या वरच्या भागावर सोडते आणि डोकं स्वच्छ हवेत ठेवते. स्वच्छ म्हणजे जोरदार, पण न घुसळलेली. केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेनुसार चौपदरी दुभाजकाच्या रस्त्यावर दुचाकीची कमाल मर्यादा ताशी ८० आहे, आणि राज्य ती कमी करू शकतं. ही मर्यादा पाळणार असाल, तर साडेतीनशेच्या आतल्या साध्या गाडीला छोटी, नीट बसवलेली काच आणि मापाचं बंद हेल्मेट पुरतं असं माझं मत आहे. युरोप-अमेरिकेतले व्हिडिओ १२०-१३० च्या वेगासाठी काचा निवडतात. त्यांची उत्तरं आपल्या प्रश्नाची नाहीत.

मारुंजीतल्या माणसासाठी अजून एक साधा हिशेब. तुम्ही महिन्यातून दोनदा साताऱ्याला जाता आणि महिन्यातून बावीस दिवस हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये उभे असता. एप्रिल-मेमध्ये, दुपारी, गिअर पहिल्या-दुसऱ्यात, इंजिनची ऊब मांड्यांना लागत असताना समोरून येणारी जी काही झुळूक असते ती उंच काच अडवते. चार स्क्रू सोडले की निघणारी काच घ्या. शनिवारी लावा, सोमवारी काढा. ज्या काचेसाठी हेडलाइटच उघडावा लागतो ती कुणीही काढत नाही.

फट ही चूक नसते

काच मीटरला अगदी चिकटून, फट न ठेवता बसवली की काम चोख झालं असं वाटतं. प्रत्यक्षात उंच काचेच्या मागे हवेचा दाब कमी होतो, एक पोकळी तयार होते, आणि आजूबाजूची हवा ती भरायला मागून धावते. पाठीला कुणीतरी पुढे ढकलतंय असं उंच काचेमागे वाटतं, त्यामागे हेच कारण. काचेच्या खाली थोडी फट सोडली तर त्यातून थोडी हवा आत येते, पोकळी भरते आणि वरच्या कडेचे भोवरे मवाळ होतात. म्हणून चांगल्या कंपन्यांच्या काचांना खाली मुद्दाम भोकं किंवा खाचा असतात. क्लिपने लावायचा एक्स्टेंडर काचेपासून बोटभर लांब ठेवतात, तोही याच कारणाने. हा एक्स्टेंडर स्वस्त असतो, वर-खाली आणि तिरका करता येतो, आणि नवीन काच घेण्याआधी आपल्याला नेमकं काय हवंय हे त्यावर शोधता येतं.

काचेचा तिरकेपणाही उंचीइतकाच कामाचा. जास्त उभी काच वारा जास्त वर फेकते पण स्वतः जास्त भार घेते. मागे झुकलेली काच हवा सहज सोडते. केवळ वॉशर घालून कोन थोडा बदलला आणि ढोल थांबला, असंही होतं. हे काही नवं शास्त्र नाही. बीएमडब्ल्यूने १९७६ साली आर १०० आरएस बाजारात आणली, तेव्हा तिचं पुढचं आवरण इटलीतल्या पिनिनफारिनाच्या विंड टनेलमध्ये घडवलं होतं. आपल्याकडे विंड टनेल नाही, पण अ‍ॅलन-की आहे.

साताऱ्याचा वारा

काच हे शिड आहे, हे आपण विसरतो. समोरून वारा येतो तोवर ठीक. बाजूने आला की जेवढी मोठी काच तेवढा मोठा धक्का.

साताऱ्याजवळ चाळकेवाडी, वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्या आहेत, त्या उगाच नाहीत. पावसाळ्यात पश्चिमेचा वारा सह्याद्रीवरून येतो आणि पुण्याहून कोल्हापूरला, म्हणजे दक्षिणेला जाताना तो तुमच्या उजव्या बाजूने लागतो. डाव्या लेनमधून जाताना उजवीकडून कंटेनर ओव्हरटेक करतो तेव्हा तो काही क्षण हा वारा पूर्ण अडवतो. तुम्ही नकळत उजवीकडे जे झुकलेले असता, ते झुकणं तेवढ्या वेळापुरतं फुकट जातं आणि गाडी कंटेनरकडे सरकते. कंटेनर पुढे गेला की वारा एकदम परत आदळतो, आणि सोबत त्याच्या शेपटीतली घुसळलेली हवाही. ठोसेघरच्या पुढे पठारावर, किंवा अजून खाली बेंगळुरूकडे जाताना चित्रदुर्गच्या पवनचक्क्यांच्या पट्ट्यातही असेच धक्के बसतात.

इथे काच कुठे बसवलीय याने फरक पडतो. हँडलला क्लॅम्पने अडकवलेल्या काचेवर बाजूचा वारा आदळला की तो धक्का थेट हँडलला, म्हणजे पुढच्या चाकाच्या दिशेला मिळतो. चेसिसला किंवा पक्क्या फेअरिंगला बसवलेली काच तो धक्का गाडीच्या अंगावर घेते, हँडल शांत राहतं. गोल हेडलाइटच्या बहुतेक गाड्यांना काच हेडलाइट, फोर्क किंवा हँडललाच लागते, दुसरी जागाच नसते. मग ती छोटी ठेवणं हाच उपाय. उंच, रुंद काच आणि हँडल माउंट ही जोडी जुलैमध्ये घाटमाथ्यावर नेऊ नका.

आणि ट्रकच्या मागची हवा? तिच्यावर कुठलीही काच चालत नाही. कितीही महागाची घ्या. घुसळलेल्या हवेत काच लावा नाहीतर काढा, डोकं हलणारच. अंतर वाढवणं किंवा सुरक्षितपणे पुढे निघून जाणं, एवढंच. डोकं अचानक हलू लागलं की आधी समोर ट्रक किती जवळ आहे ते बघा, काचेला दोष नंतर द्या.

घेताना आणि लावताना

पुण्यात बाहेरची काच घ्यायची तर लोक नाना पेठेत जातात नाहीतर ऑनलाइन मागवतात. दोन्हीकडे दोन प्रकारचं प्लॅस्टिक मिळतं. (आपण काच म्हणतो, पण खरी काच कुठेच नसते.) अ‍ॅक्रिलिक जास्त स्वच्छ दिसतं, ओरखडे कमी घेतं, पण आपटलं की तडकतं, धारदार तुकडे होतात. पॉलिकार्बोनेट चिवट असतं, दगड लागला तरी सहसा फुटत नाही, पण वर कडक लेप नसेल तर लवकर खरवडतं. छातीसमोर काय हवं हे ठरवायचं तर मी पॉलिकार्बोनेट घेईन. गडद काळी काच फोटोसाठी ठीक, पण ती नजरेच्या आड येणार नसेल इतकी छोटी असेल तरच.

पॉलिकार्बोनेटला पेट्रोल, थिनर आणि अमोनिया असलेले ग्लास क्लीनर चालत नाहीत. बारीक जाळीसारख्या भेगा पडतात आणि काच गेली. स्क्रू सैल होऊ नये म्हणून मेकॅनिक जो निळा थ्रेडलॉक लावतात, त्यानेही हे होतं. त्याऐवजी नायलॉकचा नट आणि रबरी वॉशर वापरायला सांगा. काचेवरचे वाळलेले किडे नखाने खरवडू नका. ओलं फडकं दहा मिनिटं टाकून ठेवा, सुटतात.

लावून झाल्यावर स्टँडवरच हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवून बघा. क्लच-ब्रेकची केबल, होज किंवा वायर कुठे ताणली जातेय का, काच टँकला लागतेय का. सोसायटीच्या पार्किंगमध्ये यू-टर्न घेताना हे कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

पोलिस अडवतील का?

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की आरसीवर नोंदलेला आणि कंपनीने ठरवलेला तपशील जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच कलमावर निकाल देताना कंपनीच्या मूळ रचनेत फेरफार चालणार नाही हे स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ मध्ये बेकायदा फेरफारासाठी दर बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली.

स्क्रूने लावलेली, काढता येणारी काच आरसीवरचा कुठलाच तपशील बदलत नाही. अडचण येते ती काच लावताना बाकीचे उद्योग केले की. हेडलाइट कापून मागे सरकवला, इंडिकेटर झाकले गेले, पुढची नंबरप्लेट काचेमागे गेली, तर अडवणाऱ्या हवालदाराकडे कारण असतं. कंपनीच्याच अ‍ॅक्सेसरी यादीतली काच घेतली तर वॉरंटीचा वादही टळतो. महाग पडते हे खरं, पण तिचे ब्रॅकेट त्याच गाडीसाठी बनलेले असतात आणि सिंगल सिलिंडरच्या थरथराटाला टिकतात.

तो थरथराट सोपा घेऊ नका. नवीन काच लावल्यावर पहिल्या शंभर किलोमीटरला, म्हणजे मारुंजीहून निघालात तर साधारण साताऱ्याच्या अलीकडे, चहाला थांबाल तेव्हा सगळे नट हाताने एकदा हलवून बघा. अ‍ॅलन-की बॅगेच्या वरच्या कप्प्यात ठेवा, तळाशी नको.